फार्महाउस: शेतकऱ्यांच्या पोरांनी कॉलेजात मांडलेलं बिऱ्हाड

ताई, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. मुलगा इथं अमेरिकेत, ओमाहात लहानाचा मोठा झाला, यंदा लिंकनला नेब्रास्का विद्यापीठात कृषिशास्त्राला गेला, आणि सत्र सुरू होऊन महिना होतो न होतो तोच 'फार्महाउस' नावाच्या फ्रॅटर्निटीनं, म्हणजे एका घरात एकत्र राहणाऱ्या कॉलेजातल्या पोरांच्या बंधुमंडळानं, त्याला सदस्य व्हायचं बोलावणं दिलं. ही नेमकी कसली संस्था, तिचा शेतीशी खरंच काही संबंध आहे का, आणि सिनेमात दिसतं तसं दारू-रॅगिंगचं प्रकरण तर नाही ना, हे तुम्ही विचारलंय. यजमानांचं म्हणणं असं की शिकायला गेलाय, त्यानं शिकावं, ही घरं नि क्लब कशाला.

मी अकोल्याला बी.एस्सी. कृषी केलं. १९९१ साली मृदाशास्त्रात पीएच.डी. करायला मिडवेस्टात, म्हणजे अमेरिकेच्या मधल्या शेतीपट्ट्यात, आलो आणि इथल्याच एका विद्यापीठाच्या विस्तार विभागात, म्हणजे विद्यापीठातलं ज्ञान शेतकऱ्यांपर्यंत नेणाऱ्या खात्यात, आयुष्य काढलं. त्यातली अकरा वर्षं मी एका कृषी फ्रॅटर्निटीच्या स्थानिक शाखेचा, म्हणजे चॅप्टरचा, प्राध्यापक-सल्लागार होतो. त्यामुळे ही घरं मी पुढच्या दारानं पाहिलीत तशी स्वयंपाकघराच्या दारानंही पाहिलीत. थोडक्यात सांगायचं तर घाबरू नका, पण चार गोष्टी विचारून घेतल्याशिवाय त्याला सहीही करू देऊ नका. त्या कोणत्या ते शेवटी सांगतो. आधी ही घरं का निघाली ते सांगतो, कारण ते कळलं की विचारायचे प्रश्न आपोआप सुचतात.

नावापासूनच सुरुवात करू. आपल्याकडे फार्महाउस म्हटलं की कर्जत-अलिबागकडचा शनिवार-रविवारचा बंगला डोळ्यापुढे येतो. इथं त्या शब्दाचा अर्थ साधा आहे: शेतातलं घर, शेतकरी कुटुंब राहतं ते. अमेरिकेतल्या बहुतेक फ्रॅटर्निटींची नावं ग्रीक अक्षरांची असतात, अल्फा, बीटा, गॅमा अशी. ज्या मोजक्या राष्ट्रीय फ्रॅटर्निटींनी ती अक्षरं घेतली नाहीत, त्यांतली ही एक. हे नाव ठेवणाऱ्या पोरांना आपण कुठून आलो ते लपवायचं नव्हतं, आणि त्या काळी कॉलेजात शेतकऱ्याच्या पोराला ते लपवावंसं वाटावं अशीच हवा होती.

ती हवा का होती? २ जुलै १८६२ रोजी, यादवी युद्ध चालू असताना, अब्राहम लिंकननं मॉरिल कायद्यावर सही केली. प्रत्येक राज्याला त्याच्या दर सिनेटर आणि प्रतिनिधीमागे ३०,००० एकर सरकारी जमीन मिळाली, ती विकून आलेल्या पैशातून शेती आणि यंत्रविद्या शिकवणारी कॉलेजं चालवायची होती. ही 'सरकारी' जमीन मुळात इथल्या मूळ रहिवासी जमातींकडून करारांनी, दडपणानं आणि कित्येकदा सरळ जबरदस्तीनं घेतलेली होती. या जमिनीच्या पैशावर उभ्या राहिलेल्या, म्हणजे लँड-ग्रँट, कॉलेजांचं कौतुक करताना हे वाक्य वगळायचं नाही, असं मी माझ्या विद्यार्थ्यांना नेहमी सांगत आलो.

कॉलेजं निघाली, पण ती भरेनात. शेतकरी बाप म्हणायचा, नांगर धरायला शिकण्यासाठी पोराला चार वर्षं कशाला पाठवू? लॅटिन-ग्रीक शिकवणारे प्राध्यापक म्हणायचे, खत आणि डुकरं हा काय विद्यापीठाचा विषय आहे? १८८७ च्या हॅच कायद्यानं शेतीच्या प्रायोगिक केंद्रांना पैसा दिला, तेव्हा कुठे शिकवण्यासारखं ठोस काही हातात यायला लागलं. १९०० च्या आसपास पोरं येऊ लागली. त्या वेळी अमेरिकेतले ४१ टक्के कामकरी लोक शेतीत होते, पण विद्यापीठाच्या आवारात मान होता तो वकील, डॉक्टर, व्यापाऱ्यांच्या मुलांना. कृषी शाखेला 'गाईचं कॉलेज' म्हणून हिणवायचे. राहायला वसतिगृहं तुटपुंजी, आणि फ्रॅटर्निटींची मोठी घरं म्हणजे शहरातल्या पैसेवाल्या पोरांचा कारभार. शेतावरून आलेला पोरगा गावात कुणाच्या तरी घरी खोली घ्यायचा, पहाटे गोठ्यात काम करून वर्गात जायचा, आणि एकटा पडला की शिक्षण अर्धवट टाकून परत जायचा.

हे एकटं पडणं मला पुस्तकातून शिकावं लागलं नाही. मी स्वतः आताच्या वाशीम जिल्ह्यातल्या खेड्यातून अकोल्याला गेलो होतो. मेसच्या ताटावर बसून 'तुमच्याकडं असं म्हणतात का रे' म्हणून माझ्या बोलीची नक्कल व्हायची. पहिल्या सहा महिन्यांत दोनदा ट्रंक भरून ठेवली होती.

तर १९०५ सालची मिसूरी राज्यातल्या कोलंबियाची गोष्ट. तिथल्या विद्यापीठात कृषी शाखेची काही पोरं रविवारी दुपारी वाय.एम.सी.ए. या ख्रिस्ती तरुणांच्या संघटनेच्या बायबल-अभ्यासाला जमायची. सगळी शेतावरची. डी. हॉवर्ड डोन नावाच्या पोरानं सुचवलं की आठवड्यातून एकदा भेटण्यापेक्षा आपण एक घरच भाड्यानं घेऊ, एकत्र राहू, एकत्र जेवू. सात जण तयार झाले. १५ एप्रिल १९०५ हा फार्महाउसचा स्थापनादिवस मानतात. शेतकऱ्यांच्या पोरांचं घर आहे तर त्याला शेतघरच म्हणू, एवढा साधा त्या नावामागचा विचार होता.

या सातांतल्या काही जणांचं पुढे काय झालं ते सांगतो, कारण 'या घरांचा उपयोग काय' या यजमानांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यात आहे. डोननं १९१९ साली शेती-व्यवस्थापनाचा सल्ला देणारी कंपनी काढली. शेत हा व्यवसाय आहे, त्याचे हिशेब ठेवले पाहिजेत, मालक दूर असला तरी ते शास्त्रशुद्ध चालवता येतं, हे काम पेशा म्हणून उभं करणाऱ्यांत त्याचं नाव पहिल्या ओळीत घेतात. क्लॉड हचिसन कॅलिफोर्निया विद्यापीठात कृषीचा डीन झाला आणि पुढे बर्कली शहराचा महापौर. हेन्री रस्क इलिनॉय विद्यापीठात कृषीचा डीन झाला. हेन्री क्रुसेकॉफ मिसूरीतच राहिला आणि त्या राज्याच्या मातीचा अभ्यास करण्यात त्यानं हयात घालवली.

क्रुसेकॉफचं नाव आलं की मला कोलंबियातलं सॅनबॉर्न फील्ड आठवतं, आणि मातीचा माणूस असल्यामुळे इथं थोडं थांबल्याशिवाय राहवत नाही. विद्यापीठाच्या आवाराला लागून असलेला तो जमिनीचा तुकडा १८८८ पासून प्रयोगाखाली आहे. कुठे वर्षानुवर्षं एकच पीक, कुठे फेरपालट, कुठे शेणखत, कुठे काहीच नाही. १९४५ साली त्यातल्या २३ क्रमांकाच्या वाफ्यातली माती तपासायला पाठवली, आणि तिच्यातल्या जिवाणूपासून ऑरिओमायसिन हे प्रतिजैविक मिळालं. फार्महाउसची पहिली पोरं या फील्डच्या अवतीभवती शिकली. मी पहिल्यांदा तिथं गेलो तेव्हा चप्पल काढून वाफ्याच्या कडेला उभा राहिलो होतो, सोबतच्या अमेरिकन प्राध्यापकाला त्याचं नवल वाटलं होतं.

हे एकट्या मिसूरीत घडत नव्हतं. त्याआधी १८९७ सालीच ओहायो स्टेट विद्यापीठात 'अल्फा झीटा' निघाली होती. आज ती गुणवंत विद्यार्थ्यांची सन्मान-संस्था आहे, तिथं मुलींनाही प्रवेश आहे. ओहायोतच १९०४ साली 'अल्फा गॅमा ऱ्हो' नावाचा गट तयार झाला, १९०६ साली इलिनॉयमध्येही कृषीच्या पोरांनी तसाच गट केला, आणि ४ एप्रिल १९०८ रोजी इंडियानापोलिसमध्ये सोळा जणांनी सह्या करून दोन्ही गट एक केले. फार्महाउसची दुसरी शाखा १९११ साली नेब्रास्कात निघाली, म्हणजे तुमच्या मुलाला बोलावणं आलंय ते घराणं या चळवळीतल्या सगळ्यांत जुन्यांपैकी आहे. तिसरी १९१४ साली इलिनॉयमध्ये. १९७४ मध्ये कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात शाखा निघाली, तेव्हापासून ती आंतरराष्ट्रीय झाली.

दहा-बारा वर्षांत ठिकठिकाणी एकाच तऱ्हेची घरं उभी राहिली याला शेतीचा काळही कारण होता. १९१० ते १९१४ या वर्षांत शेतमालाला असा भाव होता की पुढे सरकारनं 'रास्त भाव' ठरवताना हीच वर्षं पाया धरली. शेतकऱ्याच्या हातात पोराला शिकवायला पैसा आला. आणि मे १९१४ मध्ये स्मिथ-लीव्हर कायदा झाला. विद्यापीठातलं ज्ञान खेड्यात नेण्यासाठी जिल्ह्याजिल्ह्यात, इथल्या भाषेत काउंटीत, विस्तार अधिकारी नेमायचे ठरले. एकाएकी शेकडो शिकलेले, पण शेतकऱ्याशी त्याच्या भाषेत बोलू शकणारे तरुण हवे होते. ते या शाखांमधून मिळाले, आणि त्यांतले कितीतरी या घरांमध्ये राहून शिकले होते. मी स्वतः विस्तार खात्यात रुजू झालो तेव्हा माझे पहिले दोन वरिष्ठ एकाच फ्रॅटर्निटीचे निघाले. एकमेकांना न विचारता दोघांनी मला एकच सल्ला दिला: शेतकऱ्याच्या घरी गेलास तर आधी त्याचं ऐक, मातीचं सँपल नंतर काढ.

अल्फा गॅमा ऱ्होचं ध्येयवाक्य असं आहे की चांगली माणसं घडवायची आणि त्यांच्यामार्फत शेती व्यापक आणि चांगली करायची. फार्महाउसचं ब्रीद आहे 'माणसं घडवणारे'. शब्द मोठे आहेत, कुठल्याही संस्थेच्या भिंतीवर सापडतील असे. माझ्या मते या घरांचं खरं काम त्याहून लहान आणि जास्त मोलाचं आहे. शेतकऱ्याचं पोर कॉलेजात एकटं पडू द्यायचं नाही, आणि शिकून ते शेतीपासून तुटू द्यायचं नाही. बाकी सगळं, अगदी नव्या सदस्यांचा दीक्षाविधीसुद्धा, याच्या पोटात येतं.

आता ते घर चालतं कसं ते सांगतो. आपल्याकडच्या वसतिगृहाशी साम्य आहे, पण कळीचा फरक असा की घर विद्यापीठाचं नसतं. बहुतेक ठिकाणी ते माजी सदस्यांच्या एका वेगळ्या मंडळाच्या मालकीचं असतं. त्याचं कर्ज, विमा, छपराची दुरुस्ती ते मंडळ पाहतं. रोजचा कारभार मात्र अठरा ते बावीस वर्षांची पोरं चालवतात. त्यांच्यात अध्यक्ष, खजिनदार, अभ्यासप्रमुख, स्वयंपाकघराचा प्रमुख असे निवडलेले कारभारी असतात. साठ-सत्तर जणांच्या घराचं वर्षाचं अंदाजपत्रक वीस वर्षांचा खजिनदार मांडतो, वर्गणी थकवणाऱ्या स्वतःच्याच मित्राकडे पैसे मागतो, स्वयंपाकीणबाईंचा पगार वेळेवर काढतो. मी कृषी अर्थशास्त्राचे उत्तम गुण मिळवलेले विद्यार्थी पाहिलेत आणि असे खजिनदारही पाहिलेत. शेत चालवायला मी दुसऱ्याला आधी बोलावीन.

पुष्कळ जुन्या घरांमध्ये एक मोठी झोपायची खोली असते, तिला 'कोल्ड डॉर्म' म्हणतात. तिथं एकावर एक पलंग, अंधार आणि शांतता. अभ्यासाच्या खोल्या वेगळ्या. कुणी पहाटे चारला दूध काढायला जातो, कुणी रात्री दोनला प्रयोगशाळेतून येतो, म्हणून झोपेची जागा सगळ्यांची आणि तिथं आवाज करायचा नाही हा नियम. आठवड्यातून एकदा, बहुधा सोमवारी, चॅप्टरची सभा होते, तीही ठराव, सूचक, अनुमोदक अशा शिस्तीत. सहकारी संस्थेच्या किंवा पतपेढीच्या सभेत पुढे ही माणसं सहज उभी राहून बोलतात ती सवय इथं लागते. फार्महाउसबद्दल विशेष सांगायचं तर घरात दारू चालत नाही हा तिचा जुना नियम आहे, आणि अभ्यासातल्या गुणांवर या फ्रॅटर्निटीचा भर सुरुवातीपासून आहे.

यजमानांना सांगा की 'अभ्यास सोडून' हे इथं तितकंसं लागू नाही. ज्या चॅप्टरचा मी सल्लागार होतो तिथं नव्या पोरांना पहिलं सत्र ठरावीक तास अभ्यासाच्या टेबलावर बसावंच लागे. रसायनशास्त्रात गटांगळ्या खाणाऱ्याला त्याच विषयातून पार झालेला थोरला शेजारी बसवून शिकवायचा. अशा थोरल्याला 'बिग ब्रदर' म्हणतात, आपल्याकडच्या दादासारखाच.

एक ऑक्टोबर मला विसरता येत नाही. दुसऱ्या वर्षाच्या एका पोराच्या वडिलांवर अचानक हृदयाची शस्त्रक्रिया झाली. घरी सहाशे एकर मका आणि सोयाबीन उभं, काढणी नुकती सुरू झालेली, हवामान खात्यानं पुढच्या आठवड्यात पाऊस सांगितलेला. पोरगा माझ्याकडे नाव काढून घ्यायचा अर्ज घेऊन आला. मी तो टेबलावर ठेवून घेतला आणि सोमवारपर्यंत थांब म्हणालो. शुक्रवारी रात्री चौदा पोरं तीन गाड्यांतून त्याच्या घरी गेली. शेजाऱ्यांनी आपली कम्बाइन आणली, पोरांनी धान्याच्या गाड्या ओढल्या, कणग्या भरल्या, ज्यांना यंत्र चालवता येत नव्हतं त्यांनी गोठा सांभाळला. असे दोन शनिवार-रविवार गेले. खजिनदारानं त्या पोराची सत्राची वर्गणी हप्त्यांत तोडून दिली. तो अर्ज पुढे कित्येक वर्षं माझ्या खणात तसाच होता. तो पोरगा पदवीधर झाला, आज वडिलांचंच शेत करतो, आणि दर वसंतात मातीचे नमुने मला पाठवायचा, मी निवृत्त होईपर्यंत.

आता दुसरी बाजू. ती सांगितली नाही तर तुमची फसवणूक होईल.

१९०५ साली मिसूरीत ते सात जण एकत्र आले तेव्हा त्यांच्यात काळा विद्यार्थी नव्हता, कारण त्या विद्यापीठात काळ्या विद्यार्थ्यांना प्रवेशच नव्हता. तो मिळाला १९५० साली. काळ्या शेतकऱ्यांच्या मुलांसाठी १८९० च्या दुसऱ्या मॉरिल कायद्यान्वये वेगळी कॉलेजं होती, मिसूरीत जेफरसन सिटीचं लिंकन विद्यापीठ त्यांपैकी एक. म्हणजे शेतीत शिकलेल्या माणसांचं जे जाळं या घरांमधून विणलं गेलं, त्यातून काळा शेतकरी पन्नास-साठ वर्षं बाहेर राहिला. जाळं जितकं घट्ट, तितकं बाहेर राहणाऱ्याचं नुकसान मोठं. पुढे १९८० च्या दशकात 'मॅनर्स' नावाची संघटना निघाली, अल्पसंख्य समाजांतल्या कृषी विद्यार्थ्यांना असंच जाळं मिळावं म्हणून. तुमच्या मुलानं तिच्याही सभेला जावं. एकात असलं की दुसऱ्यात जाता येत नाही असं काही नाही.

मुलींचंही तेच. कृषी शाखांमध्ये मुली वाढल्या तरी ही घरं मुलग्यांचीच राहिली. १९७२ च्या टायटल नाइन कायद्यानं शिक्षणात स्त्री-पुरुष भेद करायला बंदी केली, पण दोन वर्षांनी 'सामाजिक' फ्रॅटर्निटींच्या सदस्यत्वाला त्यातून सूट मिळाली. मग मुलींनी स्वतःचं काढलं. १९७८ मध्ये ओहायो स्टेटला पाच मुलींनी 'सिग्मा अल्फा' सुरू केली. १९८४ मध्ये कोलोरॅडोतल्या फोर्ट कॉलिन्सला, फार्महाउसच्याच अधिवेशनात, 'सीरीस' निघाली. सीरीस ही रोमन लोकांची धान्याची देवी. आज माझ्या ओळखीच्या उत्तम कृषी सल्लागारांत निम्म्याहून अधिक बायका आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याच जणींना हे घर मिळायला त्यांच्या भावांपेक्षा सत्तर-ऐंशी वर्षं जास्त लागली.

आणि आपण? १९०६ साली इलिनॉयच्या अर्बाना गावात, जिथं कृषीची पोरं आपला गट बांधत होती, तिथंच रवींद्रनाथ टागोरांचा मुलगा रथींद्रनाथ शेतीशास्त्र शिकायला आला. त्याचं आणि इतर परदेशी पोरांचं घर होतं कॉस्मोपॉलिटन क्लब, तो उभा करण्यात त्याचा हात होता. आपले वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे त्याच सुमारास अमेरिकेत आले, ओरेगॉनात कॉर्व्हॅलिसला शेती शिकले, ब्रिटिशांविरुद्धच्या गदर चळवळीत पडले, आणि अखेर मेक्सिकोत चापिंगोच्या कृषी विद्यालयात प्राध्यापक होऊन मक्यावर काम केलं, शेतकऱ्यांसाठी मोफत शाळा काढल्या. त्यांना कुठल्या फ्रॅटर्निटीचं दार उघडं नव्हतं. त्यांनी माणसं जोडली ती क्रांतिकारकांत आणि मेक्सिकोच्या शेतकऱ्यांत. मी इथं आलो त्या वर्षी खानखोज्यांचं नाव मनात धरूनच आलो होतो. विदर्भातून शेती शिकायला अमेरिकेत आलेला आपल्याआधीचा माणूस म्हणून त्यांचा मोठा आधार वाटायचा.

तुमच्या मुलाला आज ते दार उघडून कुणीतरी आत ये म्हणतंय. त्याचा बाप शेतकरी नाही, आडनाव मराठी आहे, तरीही. मला ही गोष्ट मोठी वाटते. फार्महाउसनं शेतीबाहेरच्या शाखांच्या पोरांनाही घ्यायला सुरुवात केली त्याला बरीच वर्षं झाली. १९३५ च्या सुमारास या देशात ६८ लाख शेतं होती, आज ती २० लाखांच्या खाली आलीत. फक्त शेतकऱ्यांचीच पोरं घ्यायची म्हटली तर कित्येक घरं ओस पडतील. अल्फा गॅमा ऱ्हो मात्र अजून शेतीशी संबंध असलेल्यांवरच भर देते. कुठलं धोरण बरोबर यावर माजी सदस्यांत तावातावानं वाद होतात. माझं मत फार्महाउसच्या बाजूनं आहे. ज्याला शेतावरच्या पोरांसोबत चार वर्षं राहावंसं वाटतं, तो शहरातला पोरगा पुढे बँकेत, कारखान्यात किंवा सरकारात गेला तरी शेतकऱ्याचं म्हणणं समजून घेईल.

रॅगिंगबद्दल. इथं त्याला हेझिंग म्हणतात, आणि ते होतं. मी सल्लागार असलेल्या घरात झालं. नव्या पोरांना आठवडाभर रात्री झोपू द्यायचं नाही, असा 'परंपरेचा' प्रकार काही थोरल्यांनी गुपचूप चालवला होता. एका पहाटे मी प्रयोगशाळा उघडली तर एक नवा पोरगा मातीच्या पोत्यांवर झोपलेला. मी विचारलं तरी तो बोलेना. मला ते तिसऱ्या दिवशी कळलं, म्हणजे तीन दिवस मी सल्लागार असून नसल्यासारखा होतो. त्याची खंत अजून आहे. विद्यापीठाला मी स्वतः लेखी कळवलं, चॅप्टरवर कारवाई झाली, दोघांना काढलं. काही माजी सदस्य माझ्याशी वर्षभर बोलले नाहीत. दारू नसलेल्या, गुणांचा आग्रह धरणाऱ्या घरातही हे होऊ शकतं, म्हणून ब्रीदवाक्यावर विसंबू नका. डिसेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारचा हेझिंगविरोधी कायदा झाला, त्यानुसार विद्यापीठांना अशा प्रकरणांची माहिती जाहीर करावी लागते. नेब्रास्का विद्यापीठाची ती नोंद तुम्ही घरबसल्या पाहू शकता.

आपल्याकडे हे का नाही, असंही तुम्ही ओझरतं विचारलंय. राहुरी (१९६८), अकोला (१९६९), परभणी आणि दापोली (१९७२) ही आपली चारही कृषी विद्यापीठं लँड-ग्रँटच्याच धर्तीवर उभी राहिली: शिक्षण, संशोधन आणि विस्तार एका छताखाली. महाराष्ट्रातल्या कामाला पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठाचं साहाय्य होतं. साचा आला, ही घरं आली नाहीत. पण त्याआधी कितीतरी वर्षं शाहू महाराजांनी कोल्हापुरात आणि कर्मवीर भाऊरावांनी साताऱ्यात बोर्डिंगं काढली ती खेड्यातलं पोर शहरात टिकावं म्हणूनच. भाऊरावांच्या बोर्डिंगात सगळ्या जातींची पोरं एका पंगतीत जेवत होती, त्या वेळी मिसूरीच्या विद्यापीठात काळ्या पोराला पाऊलही ठेवता येत नव्हतं. फरक असा की आपली बोर्डिंगं थोरांनी पोरांसाठी काढली, इथली पोरांनी स्वतःसाठी. घर पोरांच्याच हातात असलं की ती जबाबदारीनं वागायला लवकर शिकतात, आणि चुकाही मोठ्या करतात. दोन्ही मी पाहिलं.

आता सहीआधीच्या गोष्टी. त्याला आधी एका कामाच्या दिवशी, आगाऊ न कळवता, त्या घरी जेवायला जाऊ द्या. बोलावलेल्या रात्री सगळीच घरं चकचकीत असतात. स्वयंपाकीणबाईंशी बोलायला सांगा. मुलगा शाकाहारी असेल तर पहिल्याच भेटीत विचारावं, कारण मिडवेस्टातल्या घरात दोन वेळा गोमांस आणि डुकराचं मांस हा रोजचा बेत असू शकतो. बाई 'जमवू' म्हणाल्या तर त्या जमवतात, असा माझा अनुभव आहे. खजिनदाराकडून पूर्ण खर्चाचा कागद मागून घ्यावा: भाडं, जेवण, राष्ट्रीय वर्गणी, विमा आणि एकदाच भरायची प्रवेश फी. चॅप्टरच्या सरासरी गुणांची तुलना विद्यापीठातल्या बाकी मुलांच्या सरासरीशी करून पाहावी. बरीच विद्यापीठं दर सत्राला हे आकडे जाहीर करतात. आणि दुसऱ्या वर्षाच्या एखाद्या पोराला एकट्यात विचारावं, 'पहिल्या सत्रात तुला झोप मिळाली का?' उत्तर द्यायला तो किती वेळ घेतो तेही पाहावं.

शेवटचं म्हणजे घराचा करार. तो बहुधा पूर्ण शैक्षणिक वर्षाचा असतो. मुलगा डिसेंबरात बाहेर पडला तरी मे महिन्यापर्यंतचं भाडं तुमच्याकडून मागू शकतात. ते कलम तुम्ही आणि यजमान दोघांनी बसून वाचा. काही अडलं तर करार मला पाठवा, मी पाहीन. आणि त्याला सांगा, एप्रिलात घरची पोरं पेरणीला गावी जायला लागली की एखाद्याच्या मागं लागून त्याच्याबरोबर जा. शेती शिकणाऱ्यानं पेरणी चुकवायची नसते.